क्रिंपिंग : छोटे अवजार, मोठी जबाबदारी

लखनौच्या मानकनगर येथे भारतीय रेल्वेची संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजेच आरडीएसओ, १९५७ पासून कार्यरत आहे. ‘एक राष्ट्र, एक मानक’ उपक्रमात भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये देशातील पहिली मानक विकास संस्था म्हणून तिला मान्यता दिली. मानक कागदावर ठरते. त्याची कसोटी मात्र कारागिराच्या हातात लागते. विद्युत तारेच्या टोकाला लग, म्हणजे थिंबल, दाबून बसविण्याची क्रिया अर्थात क्रिंपिंग हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

जोड कसा बनतो?

योग्य दाबाखाली लग व तारेचे धागे घट्ट बसतात आणि धातूंचा थेट संपर्क होतो. दाब कमी पडल्यास पोकळी राहून रोध वाढतो. जास्त झाल्यास धागे तुटतात. १६ अँपिअर प्रवाहात ०.१ ओहम रोधाच्या जोडावर २५.६ वॅट उष्णता निर्माण होते, ०.०१ ओहम असल्यास केवळ २.५६ वॅट. सततच्या हादऱ्यांत डाखलेल्या जोडालगतची तार ताठर होऊन तुटू शकते. त्यामुळे रेल्वेगाड्यांसारख्या ठिकाणी क्रिंपिंगला पसंती मिळते.

अवजाराची निवड

साध्या पकडीत दाब कारागिराच्या ताकदीवर अवलंबून असतो. रॅचेट असलेले क्रिंपिंग टूल मात्र पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडत नाही. इन्सुलेशन असलेल्या लगांमध्ये साधारणतः लाल रंग १.५, निळा २.५ आणि पिवळा ६ चौरस मिलिमीटरपर्यंतच्या तारेसाठी असतो. टूलचा साचा, लग आणि तार यांचा मेळ बसणे आवश्यक आहे. जाड केबलसाठी हायड्रॉलिक टूल वापरावे. अॅल्युमिनिअमची तार तांब्याच्या टोकाला जोडताना द्विधातू लग घ्यावा.

वापराची पद्धत

प्रथम वीजपुरवठा बंद करून तो बंद असल्याची खात्री करावी. धागे न कापता आवश्यक तेवढेच इन्सुलेशन सोलावे. सर्व धागे लगमध्ये घालून टूल पूर्ण दाबावे व शेवटी तार ओढून पाहावी. ती निसटल्यास लग कापून नवा बसवावा.

आर्थिक अन्वयार्थ

जोड भिंतीआड गेल्यावर ग्राहकाला त्याचा दर्जा दिसत नाही. अर्थशास्त्रात यास माहितीची असममितता म्हणतात; जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये तिचे विवेचन केले. दर्जा ओळखता येत नसल्याने स्वस्त व निकृष्ट काम चांगल्या कामाला बाजाराबाहेर ढकलते. रॅचेट टूलवर खर्च करणाऱ्या कारागिराला त्याचा मोबदला मिळत नाही. आगीचा धोका मात्र शेजाऱ्यांनाही सोसावा लागतो. हा नकारात्मक बाह्य परिणाम होय.

एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याच्या उद्दिष्टाने २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर : मोफत बिजली’ योजनेमुळे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सौर पॅनेलचा प्रवाह एकदिश असल्याने सदोष जोडातील ठिणगी सहजासहजी विझत नाही. म्हणून अनुदानाबरोबरच प्रमाणित अवजारे, प्रशिक्षण आणि तपासणी यांवरील खर्च हीदेखील पायाभूत गुंतवणूकच मानली पाहिजे.