'सीपी'चं झालं आणि नाही झालं

फाइलची प्रत काढणारा 'सीपी' हा आदेश युनिक्समध्ये १९७१ पासून आहे. काम संपलं की तो एक आकडा मागे ठेवतो: सगळं ठीक असेल तर शून्य, नाही तर दुसरा काहीतरी. पडद्यावर हा आकडा दिसत नाही. पण रात्री आपोआप चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट पुढे जायचं की थांबायचं, हे त्यावरूनच ठरवते. म्हणून त्याचा अर्थ बदलला, तर परिणाम दूरवर जाणवतो.

मार्च २०२३ मध्ये 'सीपी'सारखे आदेश पुरवणाऱ्या जीएनयू कोअरयुटिल्स या संचाची ९.२ ही आवृत्ती आली. तोवर 'सीपी -आय' वापरल्यावर "जुनी फाइल पुसून त्यावर लिहू का?" असा प्रश्न यायचा, आणि 'नाही' म्हटलं तरी आदेश शून्यच परत करायचा. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या प्रणालींचं मानक आहे, आणि त्यानुसार प्रत झाली नाही तर आकडा शून्य असता कामा नये. ९.२ ने 'नाही' म्हटल्यावरचा आकडा तसा बदलला, आणि ही दुरुस्ती योग्यच होती. पण तिच्याबरोबर 'सीपी -एन'ही बदलला. -एन म्हणजे फाइल आधीपासून असेल तर तिला हात लावू नकोस. तो पर्याय तेव्हाच्या पॉझिक्समध्ये नव्हताच. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीवर मात्र अशा वेळी आदेश अपयश कळवत असे. जीएनयूनेही तीच वाट धरली.

अडचण इथे झाली. समजा स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई' आहे, म्हणजे कुठलाही आदेश फसला की तिथेच थांब. पुढची ओळ आहे 'सीपी -एन मूळ.कॉन्फ चालू.कॉन्फ'. पहिल्या वेळी प्रत निघते. दुसऱ्या वेळी फाइल जागेवर असते, प्रत निघत नाही, आणि नव्या नियमाने स्क्रिप्ट तिथेच संपते. लिहिणाऱ्याला हवं होतं ते नेमकं घडलेलं असतं, तरी यंत्र त्याला अपयश म्हणतं.

'नसेल तर टाक' एवढंच सांगणारा आदेश फाइल असताना फसला असं मानणं मला पटत नाही. पण ज्याला प्रत झाली की नाही हे जाणून घ्यायचं असेल, त्याला शून्याने फसवणंही बरोबर नाही. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि एका अक्षरात मावत नाहीत. डेबियन या लिनक्स वितरणाने तर -एन वापरताच 'याचं वर्तन सगळीकडे सारखं नाही' असा इशारा दाखवायला सुरुवात केली.

मार्च २०२४ च्या ९.५ मध्ये -एन पुन्हा मुकाट्याने यश सांगू लागला. 'अपडेट' पर्यायाला आता दोन वेगळी मूल्यं देता येतात: 'नन' दिलं तर असलेली फाइल गुपचूप वगळली जाते, 'नन-फेल' दिलं तर वगळून अपयश कळवलं जातं. 'नन' ९.३ पासून आहे, 'नन-फेल' ९.५ पासून. त्याहून जुन्या यंत्रांवर ही मूल्यं चालत नाहीत. तिथे फाइल आहे का हे 'टेस्ट' या आदेशाने आधी तपासून मगच प्रत काढावी लागते, आणि या दोन पावलांमध्ये दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तीच फाइल तयार केली, तर तिच्यावर नवी प्रत बसते.