चेन्नईतील वृद्धाश्रमांच्या खोल्यांची निगा

वृद्ध व निराधारांना आश्रय देण्याची चेन्नईची परंपरा जुनी आहे. हैदरअलीच्या स्वारीच्या काळातील दुष्काळात, १७८२ साली, येथे मणेगार चौल्ट्री हे कांजी वाटणारे अन्नछत्र सुरू झाले. त्याच्या रुग्णसेवेतून पुढे स्टॅनली रुग्णालय उभे राहिले. १९७८ मध्ये सावित्री वैथी यांनी निराधार वृद्धांसाठी ‘विश्रांती’ स्थापन केली. २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय करणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. आश्रयाइतकीच खोलीची निगाही महत्त्वाची असते, आणि ती शास्त्राचा विषय आहे.

या निगेची दोन अंगे आहेत : मलनिवारण आणि जंतुनाशन. त्यांचा क्रम बदलता येत नाही, कारण मळ शिल्लक असेल तर क्लोरीनची शक्ती त्यातच खर्ची पडते. वृद्धांच्या खोलीत लघवीचा प्रश्न रोजचा. जिवाणू मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार करतात. उग्र दर्प त्याचाच. त्यावर थेट ब्लीचिंग पावडर टाकल्यास डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबणारे क्लोरामाइन वायू निर्माण होतात. म्हणून जागा आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, मग जंतुनाशक लावावे आणि ते लगेच न पुसता सुमारे १० मिनिटे ओले राहू द्यावे. फिनेलच्या वासाखाली दर्प झाकणे याला स्वच्छता म्हणता येणार नाही.

चेन्नईत अनेक ठिकाणी बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असते. न्हाणीघरात बसलेले पांढरे थर काढण्यासाठी ॲसिड वापरले जाते. तेच ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद जागेत तो दमेकरी वृद्धाच्या जिवावर बेतू शकतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात समुद्रकाठची हवा अधिकच दमट होते. गाद्यांना बुरशी धरते, म्हणून कपाट व पलंग भिंतीपासून थोडे दूर ठेवावेत. बादल्या, कुंड्यांच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठवडाभरात वाढतो.

गादीवरच्या रबरी कापडाला परिचारिका मॅकिन्टॉश म्हणतात. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट घेतलेल्या जलरोधक कापडाचा तो वारसा. ते धुऊन सावलीत वाळवावे आणि घडी न घालता गुंडाळून ठेवावे, कारण घडीवर रबर तडकते व भेगांत ओल मुरते.

फरशी एका वेळी अर्धीच पुसावी, म्हणजे चालायला कोरडी वाट राहते. चष्मा, काठी, घंटा मूळ जागीच परत ठेवावी. अंधूक दिसणाऱ्याला हलवलेली काठी म्हणजे हरवलेली काठी. देवाची तसबीर किंवा जुन्या पत्रांची पिशवी हलवण्यापूर्वी आजी-आजोबांना विचारावे. रुग्णालयातील खाट रुग्णासोबत रिकामी होते, इथे मात्र माणूस वर्षानुवर्षे राहतो. खरूज उद्भवल्यास चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून किमान ७२ तास वेगळे ठेवावे.