दर वेळी नवा बँड : जॉन मॅक्लॉफ्लिन, डॉन्कास्टर ते मुंबई

(एपिसोडचं लिखित रूप. आपल्या भागात टॉवर रुसला की ऑडिओ गोल गोल फिरत बसतो, म्हणून नेहमीप्रमाणे हे वाचायला देतोय. बोललेलं थोडं नीटनेटकं केलंय, बाकी तसंच आहे.)



आपल्याकडं धान कापून झालं, दिवाळी आटोपली की वडसाला नाटकवाल्यांची लगबग सुरू होते. झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी रात्रभर थंडीत बसून पाहिलंय, त्यांना स्टेजच्या पुढ्यात बसलेला आर्गनवाला आणि तबलेवाला आठवत असेल. यंदा एका मंडळात दिसलेला माणूस पुढच्या सीझनला दुसऱ्या मंडळात दिसतो. त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. लोक एवढंच बघतात की बाप्पा, वाजवतो कसा!

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र रिझ्युमेवर तीन वर्षांत तीन कंपन्या दिसल्या की एचआरचा पहिला प्रश्न असतो, "टिकत का नाही तुम्ही?"

आजचा माणूस या प्रश्नाला चांगलं उत्तर देतो. जॉन मॅक्लॉफ्लिन, इंग्लंडचा गिटारवादक. साठ वर्षांहून जास्त काळ वाजवतोय आणि इतक्या बँडमधून गेलाय की मोजताना बोटं कमी पडतात. आपल्याला त्याच्यात रस का? तर त्याचा रस्ता फिरून फिरून मुंबईला येतो म्हणून.

सुरुवात : लंडन

जन्म ४ जानेवारी १९४२, यॉर्कशायरमधलं डॉन्कास्टर. आई व्हायोलिन वाजवायची. पोरगा आधी पियानो शिकला आणि ११ व्या वर्षी गिटारकडे वळला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनला आला. जॉर्जी फेमच्या ब्लू फ्लेम्समध्ये वाजवलं, ग्रॅहम बाँडच्या गटात वाजवलं. या दुसऱ्या गटात त्याच्यासोबत बासवर जॅक ब्रूस आणि ड्रमवर जिंजर बेकर होते. पुढं १९६६ मध्ये याच दोघांनी एरिक क्लॅप्टनसोबत 'क्रीम' काढला. म्हणजे बघा, आपला माणूस रॉकच्या अगदी उंबरठ्यावर उभा होता.

पण पोटासाठी तो करत होता स्टुडिओतलं काम. सकाळी जायचं, समोर ठेवलेला कागद वाचून कुणाच्यातरी पॉप गाण्यात गिटार वाजवायची, पैसे घ्यायचे, घरी यायचं. हात तयार झाला, पण जीव रमेना. शेवटी जानेवारी १९६९ मध्ये त्यानं स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला, 'एक्स्ट्रापोलेशन'. तेव्हा वय २७.

१९६९ : एका वर्षात सगळं

ड्रमर टोनी विल्यम्सनं त्याचं वाजवणं टेपवर ऐकलं आणि न्यूयॉर्कला बोलावलं. बँडचं नाव 'लाइफटाइम'. मॅक्लॉफ्लिन फेब्रुवारीत अमेरिकेत उतरला, आणि थोड्याच दिवसांत, १८ फेब्रुवारीला, थेट माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला बसला. 'इन अ सायलेंट वे' हा तो अल्बम.

तिथला किस्सा प्रसिद्ध आहे. माइल्सला त्याचं वाजवणं पटेना. माइल्स त्याला म्हणाला, गिटार येतच नाही असं समजून वाजव. आता याचा अर्थ काय घ्यायचा? मॅक्लॉफ्लिननं सगळे अवघड कॉर्ड सोडले, एका साध्या कॉर्डवर चाल हळूहळू छेडली. टेप चालूच होती. तेच अल्बममध्ये गेलं. वर्षानुवर्षं रियाज करून कमावलेली सफाई एका क्षणात बाजूला ठेवता येणं, ही गोष्ट त्याला पुढं प्रत्येक बँडमध्ये कामी आली असं मला वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'बिचेस ब्रू' रेकॉर्ड झाला. त्यातल्या एका ट्रॅकचं नावच 'जॉन मॅक्लॉफ्लिन' आहे.

महाविष्णू : उंची आणि फूट

या काळात तो श्री चिन्मय यांचा शिष्य झाला. गुरूंनी नाव दिलं महाविष्णू, आणि १९७१ मध्ये त्यानं काढलेल्या बँडचं नाव झालं महाविष्णू ऑर्केस्ट्रा. ड्रमवर बिली कोबम, कीबोर्डवर यान हॅमर, व्हायोलिनवर जेरी गुडमन, बासवर रिक लेअर्ड. मॅक्लॉफ्लिनच्या गळ्यात दोन मानांची गिटार, एका मानेवर ६ तारा, दुसरीवर १२.

यांचं वेगळेपण काय? आवाज रॉकचा, कान फाडणारा, पण मोजणी भलतीच. बहुतेक रॉक गाणी चार-चारच्या ठोक्यात चालतात, आपल्या ८ मात्रांच्या भजनी ठेक्यासारखी. सहज पाय हलतो. आता 'बर्ड्स ऑफ फायर' लावा. त्यात १८ छोट्या ठोक्यांचं चक्र आहे. पाय हलवायला जाल तर चुकाल. पण ज्यानं ७ मात्रांचा रूपक किंवा १० मात्रांचा झपताल ऐकलाय, त्याला ही ओढ लगेच कळते. चक्र फिरून परत समेवर येणार, ही वाट बघण्यातच खरी मजा.

दोन स्टुडिओ अल्बम तुफान गाजले. आणि १९७३ संपता संपता हा मूळ बँड फुटला.

का फुटला? सततचे दौरे होते, थकवा होता, गुरूंच्या मार्गावर चालणारा एकटा मॅक्लॉफ्लिन आणि बाकीचे वेगळे, हेही होतं. पण मुख्य ठिणगी नावाची होती. त्या दोन्ही अल्बमवर सगळ्या रचना मॅक्लॉफ्लिनच्या नावावर आहेत. बाकीच्यांना वाटत होतं की आमच्या चालीही घ्या, आम्ही जे भरतो त्याचं श्रेय द्या. १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत तिसरा अल्बम रेकॉर्ड झाला, त्यात इतरांच्याही रचना होत्या. पण तोवर माणसंच एकमेकांशी धड बोलेनाशी झाली होती. तो अल्बम पडून राहिला आणि थेट १९९९ मध्ये बाहेर आला. २६ वर्षं!

हे वाचताना मला आमचा हॉस्टेलचा बँड आठवला. चार जण, एक उसनी गिटार, एक कॅहॉन. एकच गाणं बनवलं. ते यूट्यूबवर टाकताना 'संगीत : ' पुढं एकाचं नाव गेलं. चाल त्याची होती, खरं आहे. पण मधला तुकडा दुसऱ्यानं बसवला होता. त्या एका ओळीवरून जे बिनसलं ते आजही नीट झालं नाही. नाव टाकणारा मीच होतो. म्हणून ही गोष्ट मी 'मोठ्या लोकांची भांडणं' म्हणून सांगत नाहीये. तुमचा ग्रुप असेल, मग बँड असो, रील बनवणारा असो की गावच्या नाटकाचा, कुणाचं नाव कुठं येणार हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. गाणं चाललं नाही तर कोणी भांडत नाही, चाललं की भांडतात.

शक्ती : गिटारच बदलली

नव्या माणसांसोबत महाविष्णू आणखी काही काळ चालला, पण मॅक्लॉफ्लिनचं मन दुसरीकडं होतं. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात तो डॉ. एस. रामनाथन यांच्याकडं वीणा शिकत होता. मग आला 'शक्ती'. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम आणि तबल्यावर मुंबईचा, माहीमला वाढलेला २४ वर्षांचा झाकीर हुसेन. पहिला अल्बम ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडच्या एका कॉलेजात लाइव्ह रेकॉर्ड झाला.

विचार करा, स्टेडियम हलवणारा माणूस इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून स्टेजवर मांडी घालून बसला. आणि हिंदुस्तानी तबला नि कर्नाटकी घटम एकाच गटात असणं हेही तेव्हा नवलच होतं.

इथं एक तांत्रिक भानगड होती. गिटारला पडदे असतात, सूर पायऱ्यांसारखे. आपल्या संगीतात मींड लागते, गमक लागते, सूर एकातून दुसऱ्यात घसरला पाहिजे. म्हणून गिब्सननं त्याच्यासाठी खास गिटार बनवली, कारागीर होते एब वेक्टर. पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलं, म्हणजे बोटाखाली जागा झाली आणि तार हवी तशी ओढता येऊ लागली. शिवाय मुख्य तारांखाली तिरप्या ७ जादा तारा बसवल्या, सतारीच्या तरफांसारख्या गुंजणाऱ्या. संगीत बदलायचं तर कधी कधी अवजारच बदलावं लागतं, हे आम्हा इंजिनिअर लोकांना पटणारं उदाहरण!

१९७८ पर्यंत शक्तीही थांबला. तीन अल्बम झाले. विक्री महाविष्णूसारखी नव्हती.

पुन्हा पुन्हा मुंबई

पुढचा टप्पा स्पेनचा. पाको दे लुसिया आणि अल दि मेओला यांच्यासोबत तीन गिटारी, दुसरं काही नाही. ५ डिसेंबर १९८० चा सॅन फ्रान्सिस्कोचा तो कार्यक्रम आजही गिटार शिकणारी पोरं ऐकतात.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याचं त्रिकूट आलं, त्यात तालवाद्यांवर मुंबईचा त्रिलोक गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचा हा मुलगा. नंतरच्या 'फोर्थ डायमेन्शन' बँडमध्ये ड्रमवर रणजित बारोट, म्हणजे कथ्थक नर्तकी सितारादेवींचा मुलगा. आणि १९९७ पासून 'रिमेंबर शक्ती'. त्यात आधी हरिप्रसाद चौरसिया, मग मँडोलिनवाले यू. श्रीनिवास, विक्कूंचा मुलगा सेल्वगणेश, आणि गायला शंकर महादेवन. हो, तोच 'कट्यार काळजात घुसली' मधले पंडितजी! चेंबूरचा पोरगा, शिक्षणानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या जमातीला तेवढाच अभिमान. डिसेंबर २००० च्या मुंबईतल्या कार्यक्रमांवरून 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' हा अल्बम निघाला.

मध्ये हातांच्या सांध्यांचा त्रास सुरू झाला. २०१७ मध्ये त्यानं अमेरिकेत निरोपाचा दौराही केला. तरी २०२३ मध्ये, ८१ व्या वर्षी, शक्तीचा नवा अल्बम 'धिस मोमेंट' आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. ज्या बँडची विक्री कमी म्हणून लोक नाकं मुरडत होते, तोच जवळपास ५० वर्षांनी जिंकला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. म्हणून तो अल्बम आता ऐकताना घशात काहीतरी अडकतं.

कुठून सुरू करायचं?

वाय-फाय मिळालं की डाउनलोड करून ठेवा, याच क्रमानं :

१. 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'. कान तयार होतो.
२. 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी', शक्ती, १९७६. तबला आणि गिटारची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी ऐका.
३. 'बर्ड्स ऑफ फायर', १९७३. आवाज थोडा कमी ठेवा, घरचे ओरडतील.
४. 'धिस मोमेंट', २०२३. इअरफोन लावून, रात्री.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येतो, टिकत का नाही? मॅक्लॉफ्लिन बँडमध्ये टिकला नाही, खरं आहे. पण झाकीरसोबत तो १९७५ ला बसला आणि २०२३ लाही बसला. बँड बंद झाला तरी माणूस तोडला नाही. मला वाटतं एचआरनं हे विचारायला पाहिजे, की जुन्या कंपनीतल्या किती जणांसोबत तुम्ही पुन्हा काम कराल?

आणि हो, त्या जुन्या व्हिडिओखालची ओळ मी काल रात्री बदलली. आता तिथं चौघांचीही नावं आहेत. आठ वर्षं उशीर झाला, पण चालते.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर ऐकत राहा.