लायब्ररी रिकामी दिसतेय? गाणी बहुधा जागेवरच आहेत!

महाशिवरात्रीला हिमायतनगरात श्री परमेश्वराची यात्रा भरते. तिथले भजन असो की गावातल्या सप्ताहाचे कीर्तन, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवणे आता नेहमीचे झाले आहे. पुढे मोबाइल भरला की त्या फाइल घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर जातात. तिथे आधीच कॅसेटवरून उतरवलेली गाणी असतात, आजीच्या ओव्या असतात, कुणाच्या लग्नातली सनई असते. हे सगळे नीट लावून ऐकता यावे म्हणून प्लेक्स, जेलीफिन, नॅव्हिड्रोम, कोडी, म्युझिकबी यांसारखे एखादे सॉफ्टवेअर टाकले जाते.

आणि एके दिवशी ते उघडले, तर अर्धे अल्बम गायब. प्लेलिस्टचे नाव दिसते, पण आत ‘० गाणी’. घाबरून कुणीतरी ‘सगळे पुसून पुन्हा स्कॅन करा’ हे बटण दाबतो. अनेकदा खरे नुकसान होते ते त्या बटणाने.

गाणी एकीकडे, यादी दुसरीकडे

गावातले सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. पुस्तके कपाटात असतात आणि त्यांची नोंद टेबलावरच्या रजिस्टरमध्ये. रजिस्टरचे पान फाटले म्हणून कपाटातले पुस्तक जात नाही. ते फक्त सापडत नाही.

संगीताच्या सॉफ्टवेअरचेही असेच आहे. गाण्याच्या फाइल डिस्कवरच्या फोल्डरमध्ये असतात. सॉफ्टवेअर ते फोल्डर वाचते, म्हणजे स्कॅन करते, आणि स्वतःचे रजिस्टर तयार करते. त्याला डेटाबेस म्हणतात. पडद्यावर दिसतात ते अल्बम, गायक आणि प्लेलिस्ट या रजिस्टरमधून येतात.

म्हणून अल्बम दिसेनासा झाला की पहिला प्रश्न एकच : फाइल गेली की नोंद गेली? बहुतेक वेळा नोंद गेलेली असते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गाणी पुन्हा स्कॅन करून परत येतात, पण प्लेलिस्ट, आवडीची खूण, दिलेले तारे, कोणते गाणे किती वेळा ऐकले याचा हिशोब अनेक सॉफ्टवेअरमध्ये फक्त रजिस्टरमध्येच असतो. रजिस्टर पुसले की तो गेला.

आधी काय करू नये?

सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका. ‘क्लीन लायब्ररी’, ‘क्लिअर अँड रिस्कॅन’, ‘एम्प्टी ट्रॅश’, ‘रिमूव्ह मिसिंग’ अशा नावांचे पर्याय दाबू नका. ‘जी फाइल सापडत नाही तिची नोंद काढून टाका’ असाच या बहुतेक पर्यायांचा अर्थ असतो. फाइल खरोखर गेली असेल तर ते ठीक. पण डिस्कची वायर फक्त सैल झाली असेल, तर सगळ्या नोंदी विनाकारण पुसल्या जातील.

त्याऐवजी सॉफ्टवेअर बंद करा आणि कॉम्प्युटरचा साधा फाइल मॅनेजर उघडा. गायब झालेल्या अल्बममधले एक गाणे त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन शोधा आणि तिथूनच वाजवून पाहा. वाजले, तर जिवात जीव येऊ द्या. आता फक्त रजिस्टर दुरुस्त करायचे आहे.

लाइट गेली, डिस्क सुटली

गावाकडे सर्वांत आधी संशय घ्यावा तो विजेचा. लाइट जाते, परत येते, कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो. पण बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क कधी उशिरा जागी होते, कधी जोडलीच जात नाही. तेवढ्यात सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या स्कॅनची वेळ होते. त्याला फोल्डर रिकामा दिसतो. ‘मालकाने गाणी काढून टाकली’ अशी त्याची समजूत होते आणि काही सॉफ्टवेअर नोंदी पुसून टाकतात.

विंडोजवर आणखी एक प्रकार घडतो. डिस्क कालपर्यंत ‘डी’ होती. मध्ये पेन ड्राइव्ह लावला आणि आज तीच डिस्क ‘ई’ झाली. सॉफ्टवेअर मात्र अजून ‘डी’चे दार ठोठावत असते. यावर उपाय सोपा आहे. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या डिस्कला तिचे जुने अक्षर परत द्या, मग सॉफ्टवेअर सुरू करून साधा स्कॅन करा. रास्पबेरी पाय किंवा लिनक्सवर सर्व्हर चालत असेल, तर डिस्क ठरलेल्या जागी जोडली गेली आहे का आणि सॉफ्टवेअरला तो फोल्डर वाचण्याची परवानगी आहे का, हे दोन्ही पाहा. लिनक्समध्ये इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, हेही ध्यानात ठेवा. फोल्डरच्या नावातले एक अक्षर बदलले तरी रस्ता चुकतो.

प्लेक्समध्ये प्रत्येक स्कॅननंतर ट्रॅश आपोआप रिकामा करण्याची सोय आहे. बाहेरची डिस्क वापरणाऱ्यांनी ती बंद ठेवलेली बरी.

एका सप्ताहाचे सात अल्बम

कधी अल्बम गायब झालेला नसतो, तो फुटलेला असतो. समजा, सप्ताहाची सात दिवसांची सात कीर्तने एका फोल्डरमध्ये ठेवली. दररोजचे कीर्तनकार वेगळे. सॉफ्टवेअरने अल्बम दाखवले सात, आणि प्रत्येकात एकच फाइल.

असे का होते? बहुतेक सॉफ्टवेअर फोल्डरच्या नावावर विसंबत नाहीत. ते फाइलच्या आत लिहिलेली माहिती वाचतात. तिला टॅग म्हणतात. गाण्याचे नाव, गायक, अल्बम, वर्ष, क्रमांक असे तिचे रकाने असतात. त्यातच ‘अल्बम आर्टिस्ट’ नावाचा एक वेगळा रकाना असतो. तो कोरा असेल, तर अनेक सॉफ्टवेअर प्रत्येक गायकाचा स्वतंत्र अल्बम धरतात. सातही फाइलच्या त्या रकान्यात ‘विविध कीर्तनकार’ असे एकच नाव लिहिले की सात अल्बमचा पुन्हा एक होतो.

उलटेही घडते. दरवर्षीच्या अल्बमला नुसते ‘सप्ताह’ नाव दिले, तर चार वर्षांची कीर्तने एकाच अल्बममध्ये मिसळतात आणि तीन अल्बम हरवल्यासारखे वाटतात. नावात वर्ष घातले की प्रश्न मिटतो.

नावाच्या बाबतीत कॉम्प्युटर फार काटेकोर असतो. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. हे एकच गाव आहे, हे परिसरात सगळ्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरला नाही. एका फाइलवर ‘वाढोणा यात्रा’ आणि दुसरीवर ‘हिमायतनगर यात्रा’ लिहिले, तर त्याच्या लेखी ते दोन अल्बम. एका गायकाचे नाव कुठे देवनागरीत, कुठे इंग्रजीत असेल, तर ते दोन गायक.

मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलमध्ये तर बहुधा टॅगच नसतात. त्या ‘अननोन अल्बम’ किंवा ‘अननोन आर्टिस्ट’ या नावाखाली ढिगाने पडलेल्या असतात. हरवलेले गाणे शोधताना आधी तिथे डोकवा.

मराठी अक्षरांचा घोळ

मराठी गाण्यांना आणखी एक अडचण येते. एमपी३ फाइलमध्ये टॅग लिहिण्याची ‘आयडी३’ ही पद्धत १९९६ मध्ये आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत टॅगला एकूण १२८ बाइटची जागा होती. गाण्याच्या, गायकाच्या आणि अल्बमच्या नावाला प्रत्येकी ३०. देवनागरीची त्यात सोयच नव्हती. आज सर्वत्र चालणाऱ्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगवेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे ३० बाइटमध्ये जेमतेम १० चिन्हे. ‘परमेश्वर यात्रा’ हे नाव ‘परमेश्वर य’ इथेच तुटेल. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढली आणि युनिकोडची सोय केली. तरी जुन्या सॉफ्टवेअरने लिहिलेले टॅग अजून प्रश्नचिन्हांच्या किंवा अगम्य अक्षरांच्या रूपात भेटतात.

दुसरा घोळ डोळ्यांना दिसतही नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’मधला ‘ऱ्या’ कॉम्प्युटरवर दोन पद्धतींनी लिहिता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात; दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले संकेत वेगळे असतात. त्यामुळे एकाच नावाचे दोन अल्बम तयार होऊ शकतात आणि शोधताना एकच सापडतो. अशा वेळी पुन्हा टाइप करत बसू नका. एका फाइलमधले नाव कॉपी करून बाकी सगळ्या फाइलमध्ये तेच चिकटवा.

या कामासाठी एमपी३टॅग आणि म्युझिकब्रेन्झ पिकार्ड ही मोफत साधने आहेत. पिकार्ड इंटरनेटवरच्या नोंदींशी ताडून टॅग भरते. बाजारात आलेल्या अल्बमसाठी ते चांगले. पण गावातल्या कीर्तनाची किंवा घरच्या ओवीची नोंद तिथे असण्याची शक्यता कमी. घरच्या रेकॉर्डिंगचे टॅग हातानेच भरा, आणि भरण्याआधी त्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा.

प्लेलिस्ट रिकामी का होते?

प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात. ‘एम३यू’ प्रकारची प्लेलिस्ट तर नोटपॅडमध्ये उघडता येते. आत एकाखाली एक पत्ते दिसतील : अमुक डिस्क, तमुक फोल्डर, फलाणी फाइल. फोल्डरचे नाव बदलले, फाइल दुसरीकडे हलवली किंवा डिस्कचे अक्षर बदलले, की पत्ता चुकतो आणि प्लेलिस्ट रिकामी दिसते.

यावर उपाय असा : आधी प्लेलिस्टची प्रत काढा. मग नोटपॅडच्या ‘रिप्लेस’ने जुना पत्ता नव्याने बदला. सेव्ह करताना युटीएफ-८ निवडा आणि फाइलचा प्रकार ‘एम३यू८’ ठेवा. जुन्या ‘एएनएसआय’ पद्धतीत सेव्ह केले, तर देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत वाचता येत नाहीत.

‘स्मार्ट प्लेलिस्ट’चे गणित वेगळे आहे. ती नियमावर चालते. उदाहरणार्थ, ‘प्रकार भजन आणि तारे ४ किंवा अधिक’. टॅगमधला ‘भजन’ कुणी ‘भक्तिगीत’ केला किंवा तारे पुसले गेले, तर नियमात एकही गाणे बसत नाही. गाणी शाबूत असतात. नियम तपासायचा असतो.

मोबाइलवर गाणे दिसत नसेल तर

अँड्रॉइडवर तीन गोष्टी पाहा. पहिली, परवानगी : अँड्रॉइड १३ पासून ‘संगीत आणि ऑडिओ’ची परवानगी स्वतंत्र आहे, ती अॅपला दिली आहे का? दुसरी, फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ अशा अर्थाची, टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल आहे का? ती असली की तो फोल्डर गाण्यांच्या यादीत येत नाही. तिसरी, अॅपमधली गाळणी : अनेक प्लेअर ३० किंवा ६० सेकंदांपेक्षा छोट्या फाइल लपवतात. एक ओवी तेवढ्यात संपते, आणि तीच दिसत नाही.

नोंद म्हणजेच ठेवा

नोंदीचे मोल किती, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील महिलांच्या ओव्याही १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. हा संग्रह २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागला. तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि तारीख वाचायला मिळते. ती नोंद नसती, तर एवढ्या ओव्यांत कोणता आवाज कुणाचा हे सांगता आले नसते.

घरच्या संग्रहालाही हेच लागू पडते. बाजारातले गाणे हरवले तर पुन्हा मिळेल. आजीच्या आवाजाची दुसरी प्रत कुठल्याच दुकानात नसते.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

• घरच्या रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा : दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर.

• फक्त गाण्यांची नव्हे, सॉफ्टवेअरच्या डेटाबेसची आणि प्लेलिस्टचीही प्रत काढा. महिन्यातून एकदा पुरेसे आहे.

• हार्ड डिस्क ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नका. शक्य असेल तर कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर ठेवा.

• ठरलेल्या वेळचा आपोआप स्कॅन बंद करा. डिस्क जोडली आहे हे पाहून स्वतः स्कॅन करा.

• फाइल डिस्कवरही दिसत नसेल, तर आधी रिसायकल बिन पाहा. तिथेही नसेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही टाकू नका. पुसलेल्या जागेवर नवे लिहिले गेले, की जुने परत मिळणे अवघड होते.

• रेकॉर्डिंग झाले की त्याच दिवशी फाइलला नाव द्या : कोण, काय, कुठे, कधी. वर्षभराने ते कुणालाच आठवत नाही.