न झालेल्या राज्याभिषेकाचा कप

गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या घरोघरी साफसफाई सुरू होते. जाळीजळमटे निघतात, पडदे धुतले जातात आणि बैठकीच्या खोलीतले काचेचे कपाट वर्षातून एकदा रिकामे होते. आमच्या घरी या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर दोन वस्तू असतात : एक चिनी मातीचा कप आणि एक नक्षीदार चमचा. लहानपणी त्यांना हात लावायची आम्हां मुलांना परवानगी नव्हती. "राजाचा कप आहे तो," असे आजी म्हणायची, आणि स्वतःच पुसून जागेवर ठेवायची.

यंदा तो कप आम्ही प्रथमच नीट वाचला. त्यावर एका तरुण राजाचे चित्र आहे, दोन्ही बाजूंना झेंडे आहेत आणि खाली इंग्रजी मजकूर आहे : राजा आठवा एडवर्ड, राज्याभिषेक, १२ मे १९३७. वाचकहो, यात एक गंमत आहे. त्या तारखेला आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक झालाच नाही. आमच्या घरात तीन पिढ्या जपलेला हा कप कधीही न घडलेल्या प्रसंगाची आठवण आहे!

हे कसे झाले ते सांगितले पाहिजे. पाचवे जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी वारले आणि त्यांचे थोरले चिरंजीव एडवर्ड गादीवर आले. राज्याभिषेकाचा दिवस ठरला १२ मे १९३७. परंतु घटस्फोटित अमेरिकन बाई श्रीमती सिम्प्सन यांच्याशी विवाह करण्याचा त्यांचा हट्ट मंत्रिमंडळाला मान्य नव्हता. ११ डिसेंबर १९३६ रोजी त्यांनी गादी सोडली. धाकटे बंधू सहावे जॉर्ज राजे झाले, आणि ठरलेल्या त्याच दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत मुकुट त्यांच्या मस्तकी चढला.

पण कुंभार काही मे महिन्याची वाट पाहत बसले नव्हते. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचे शहर चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा भांड्यांसाठी आधी चित्र काढावे लागते. जुन्या पद्धतीत ते तांब्याच्या पत्र्यावर कोरीत, त्यावर रंग भरून पातळ कागदावर ठसा घेत, तो कागद भांड्यावर घासून चिकटवीत आणि मग भांडे भट्टीत घालीत. हजारो नग तयार करून, पेट्यांत भरून जहाजाने दूरच्या वसाहतींत पोहोचवायचे म्हणजे कित्येक महिने आधी काम सुरू करणे भाग होते. म्हणून राजाने गादी सोडली तेव्हा त्याच्या नावाचे कप दुकानांत येऊन पडले होते.

कारखानदारांनी हार मानली नाही. वेजवुड कंपनीसाठी एरिक रॅव्हिलियस या चित्रकाराने आतषबाजीचे एक सुंदर चित्र काढले होते, तेही एडवर्डसाठीच. नाव आणि अक्षरे बदलून तेच चित्र सहाव्या जॉर्जच्या कपावर चढले. रॅव्हिलियस १९४२ मध्ये युद्धात विमान अपघातात गेले. तरीही १९५३ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला तीच आतषबाजी पुन्हा वापरली गेली. राजे तीन, चित्र एक!

तारीख चुकण्याची ही पहिली वेळ नव्हती. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हायचा होता. दोन दिवस आधी राजावर पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. जूनची तारीख छापलेली भांडी मात्र आधीच तयार होती, आणि ती आजही पाहावयास मिळतात. मुळात ही प्रथाच जुनी आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या १६६१ मधील राज्याभिषेकाच्या वेळची, त्याचे चित्र असलेली भांडी इंग्लंडच्या संग्रहालयांत आहेत.

आता चमच्याकडे वळू. इंग्लंडच्या राजाला अभिषेक करताना पवित्र तेल ज्या चमच्यात ओततात, तो बाराव्या शतकातला आहे. १६४९ मध्ये राजसत्ता गेली तेव्हा जुने मुकुट व राजचिन्हे वितळविण्यात आली, पण हा चमचा एका माणसाने विकत घेतला आणि १६६१ मध्ये परत दिला. राज्याभिषेकाच्या वर्षी या चमच्याच्या लहान नकला दुकानांत विकल्या जात. आमचा चमचा त्यांपैकीच एक. आजी त्याला चांदीचा समजे आणि चिंच लावून घाशी. घासून घासून त्याच्या कडांना खालचा पिवळट धातू दिसू लागला आहे. पाठीमागे ई.पी.एन.एस. अशी चार अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा की तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ मुलामा दिला आहे.

खरी इंग्लिश चांदी कशी ओळखावी? तिच्यावर बारीक ठसे असतात. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचे मुख असेल तर ती लंडनला तपासली, नांगर असेल तर बर्मिंगहॅमला. एक अक्षर वर्ष दाखविते आणि एक ठसा कारागिराचा किंवा पेढीचा असतो. १९५३ च्या सुमारास राणीच्या मुखाचा एक जादा ठसाही काही भांड्यांवर मारला गेला. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकालाही असा खास ठसा निघाला. तुमच्या घरी अशी वस्तू असेल तर भिंग घेऊन पाहा. मात्र मुलाम्याची वस्तू जोराने घासू नका. आणि जुन्या रंगीत कपातून चहा पिऊ नका, कारण जुन्या रंगांत व झिलईत शिसे असू शकते.

म्हणजे चमचा चांदीचा नाही. मग कप तरी दुर्मिळ आहे का? तोही नाही. आठव्या एडवर्डचे कप इतके बनले होते आणि गंमत म्हणून लोकांनी इतके जपून ठेवले की जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना फारशी किंमत येत नाही. असो.

किमतीपेक्षा आम्हांला अधिक लागली ती दुसरीच गोष्ट. आजी सांगायची की तिची आई एका साखर कारखान्याच्या साहेबाच्या घरी धुण्याभांड्याचे काम करीत असे, आणि मदामने तिला नववर्षाची भेट म्हणून हा कप दिला. ते नववर्ष होते १९३७ चे. राजाने गादी सोडून जेमतेम तीन आठवडे झाले होते. साहेबाच्या टेबलावर तो कप आता शोभणार नव्हता, म्हणून तो मोलकरणीच्या हाती आला. पणजीला वाचता येत नव्हते. तिने तो पदरात गुंडाळून घरी आणला आणि सर्वांत उंच जागी ठेवला.

हे लक्षात आल्यावर आमच्या आईचा चेहरा उतरला. "म्हणजे नको झालेली वस्तू दिली होती तर! काढून टाका तो कप," ती म्हणाली. आम्हां भावंडांत दोन दिवस यावर वाद झाला.

कपावरचे १९३७ हे साल आपण मॉरिशसचे लोक दुसऱ्या कारणाने ओळखतो. त्याच वर्षी ऊबा जातीच्या उसाला कमी दर दिल्यामुळे लहान शेतकरी आणि मजूर खवळून उठले. १३ ऑगस्ट रोजी युनियन फ्लाक येथे गोळीबार झाला आणि चार जण मारले गेले. पुढे चौकशी समिती बसली, आणि १९३८ मध्ये मजुरांना संघटना करण्याचा कायदेशीर मार्ग थोडा खुला झाला. राज्याभिषेकानंतर अवघ्या तीन महिन्यांतली ही गोष्ट. त्या चौघांच्या नावाचा कप कोणत्याही भट्टीत भाजला गेला नाही. आमचे पणजोबा तेव्हा ऊसतोडणीच्या कामावर होते. त्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी काय पाहिले, काय ऐकले, हे घरात कोणी लिहून ठेवले नाही, आणि आता सांगणारेही कोणी उरले नाही. न झालेल्या समारंभाची तारीख मात्र सोनेरी अक्षरांत आमच्या घरी शाबूत आहे.

शेवटी आम्ही कप टाकला नाही. तो राजाने दिला म्हणून नव्हे, तर पणजीने कष्टाच्या हातांनी घरी आणला म्हणून. एका कागदावर आम्ही पणजी-पणजोबांची नावे लिहिली, ती दोघे काय काम करीत ते लिहिले, कप कसा आला ते लिहिले आणि त्याखाली युनियन फ्लाकची तारीख घातली. तो कागद घडी करून कपात ठेवला आहे. आईने तो दोनदा वाचून घेतला आणि मग आपल्या हाताने कप फळीवर ठेवला. फक्त सर्वांत वरच्या नव्हे, मधल्या फळीवर, जिथे मुलांचा हात पोहोचतो.

यंदाच्या चतुर्थीला तुमचेही कपाट रिकामे होईल. एखादा जुना कप, बशी, चमचा किंवा गावाकडून आलेला तांब्या हाती लागला तर त्याच्या तळाचा ठसा जरूर पाहा. पण त्याआधी घरातल्या आजीआजोबांजवळ बसा आणि विचारा की ही वस्तू कोणी आणली, कोणत्या साली, आणि त्या वेळी घरात काय चालले होते. ते सांगतील तसे लिहून घ्या. आमच्या पणजोबांच्या बाबतीत तो उशीर होऊन गेला. तुमच्याकडे अजून वेळ असेल.