पुन्हा जोडलेली वाट

२६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची हजारो माणसं नेली. त्यांत लेकरं फार होती. मागे उरलेल्या कित्येक आयांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. राज्य सरकारने त्यांच्या नळ्या मोफत जोडून द्यायची सोय केली आणि काही घरांत पुन्हा पाळणा हलला.

कापलेली, बांधलेली नळी जोडायची म्हणजे काय करायचं? ही नळी, म्हणजे गर्भनलिका, असते जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची. अंडाशयाकडचं तिचं झालरीसारखं टोक सुटलेलं बीज टिपून घेतं. गर्भाशयाजवळ आतली पोकळी उणीपुरी एक मिलिमीटर. अस्तरावरची सूक्ष्म लव सतत गर्भाशयाच्या दिशेने हलत असते. बीज आणि शुक्राणूची गाठ या नळीतच पडते आणि नवा जीव वाढत वाढत तीन-चार दिवसांत गर्भाशयात उतरतो.

एवढ्याशा जागेत सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली काम करतात. व्रण झालेली टोकं निरोगी, गुलाबी अस्तर दिसेपर्यंत छाटतात. मग केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात, तेही बाहेरच्या स्नायूच्या थरात. आतल्या अस्तराला होता होईल तो धक्का लावत नाहीत. ऊती कोरड्या पडल्या तर एकमेकींना चिकटतात, म्हणून त्यांच्यावर सलाइनची धार चालूच असते. शेवटी गर्भाशयातून निळं औषध सोडतात. झालरीतून निळा थेंब बाहेर आला की वाट मोकळी झाली!

स्वीडनचे कुर्ट स्वोलिन, कॅनडाचे व्हिक्टर गोमेल, लंडनचे रॉबर्ट विन्स्टन यांनी १९६०-७०च्या दशकांत ही कला घडवली.

मात्र वाट मोकळी होणं म्हणजे ती चालती होणं नव्हे. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. त्यात अस्तरच जळून गेलेलं असेल, तर जोडकाम निरुपयोगी. तिथे टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग. १९७८मध्ये जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन, तिच्या आईच्या नळ्याही बंदच होत्या. उलट, कुटुंबनियोजनासाठी बांधलेली नळी मुळात निरोगी असते. वय कमी आणि नळी पुरेशी लांब उरलेली असेल, तर दिवस राहण्याची आशा चांगली असते, आणि तेही पुढे दर महिन्याला, नैसर्गिकरीत्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जोडलेल्या नळीतच गर्भ रुजण्याचा धोका असतो. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर पाळी चुकली, तर थांबू नका. लगेच डॉक्टरांना गाठा.