जन्मजात गुन्हेगार: मोजमाप चुकले कुठे?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. सिग्नल लाल झाला की गजरे, फुगे घेऊन पोरे काचेपाशी येतात, आणि आत बसलेल्यांचा हात नकळत पर्सवर जातो. पोराने काहीच केलेले नसते.

या संशयाला एकेकाळी शास्त्राचा आधार होता. इटलीच्या लोम्ब्रोझो नावाच्या डॉक्टरने १८७६ मध्ये जबडा, कपाळ, कान यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असे मांडले. इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंगने सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन इतरांशी ताडून पाहिली. १९१३ मध्ये त्याने निष्कर्ष छापला: असा वेगळा साचा नाहीच.

आपल्याकडे मात्र १८७१ पासून अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदाच होता. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागचा विचार. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांची बोटांचे ठसे घेऊन नोंद झाली, हजेरी लागली. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले, त्या जागेला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. तिथे जन्मलेल्या तान्ह्या बाळाचा गुन्हा कोणता होता?

पुढे कवटीची जागा गुणसूत्रांनी घेतली. १९६५ मध्ये स्कॉटलंडच्या एका बंदिस्त रुग्णालयात जादा ‘वाय’ गुणसूत्राचे काही पुरुष आढळले आणि ‘खुनी गुणसूत्रा’ची हाकाटी झाली. डेन्मार्कमध्ये चार हजारांहून अधिक उंच पुरुष तपासले, तेव्हा असे बाराच निघाले. त्यांच्या हातून घडलेले गुन्हे बहुतेक किरकोळ होते. मग आला ‘एमएओए’ जनुक. न्यूझीलंडच्या डनेडिनमधील २००२ च्या अभ्यासात त्याच्या कमी सक्रिय रूपाचा परिणाम ठळकपणे दिसला तो लहानपणी छळ सोसलेल्या मुलांत. हे रूप तर तिथल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांत होते.

खरी मेख नमुन्यात आहे. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या सगळ्यांचे रक्त तपासले, तरी माहिती मिळेल ती पकडले गेलेल्यांची. पहारा जिथे जास्त, कैदी तिथले जास्त.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा तो कायदा रद्द झाला, त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही अनेकदा आधी पारध्यांच्या पालाकडे वळते.